सुटकेनंतरची उमेदवारी

घाटावरचा माल कोकणात आणि कोकणातला घाटावर ज्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या गेला, त्या वाटेवरचे पनवेल हे जुने ठाणे. बंदराचे आणि पेठेचे गाव असल्यामुळे परका माणूस, परकी बोली आणि परका पैसा यांचे त्याला कधी अप्रूप वाटले नाही. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, तेव्हा मुंबईहून ठाण्याला आगगाडीही सुटली नव्हती. २०१६ साली तिची महानगरपालिका झाली तोवर सिडकोने ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर आखलेले नवे शहर जुन्या पनवेलच्या वेशीला येऊन भिडले होते, कळंबोलीला लोखंडाचा बाजार भरला होता, तळोज्याला कारखान्यांची वसाहत उभी होती आणि न्हावा-शेव्याच्या बंदरातून निघालेल्या कंटेनरांच्या रांगा रात्रंदिवस महामार्गावर लागत होत्या. याच विस्ताराच्या ओघात २००८ साली खारघरच्या हद्दीत तळोजा मध्यवर्ती कारागृह सुरू झाले. आणि ज्या तालुक्यात माणसे चहूकडून काम शोधायला येत, त्याच तालुक्यात दररोज सायंकाळी काही माणसे हातात कापडी पिशवी घेऊन, कामाशिवाय आणि पुष्कळदा पत्त्याशिवाय, मोकळी होऊ लागली. त्यांतील कित्येकांचे वय अठरा ते पंचवीसच्या दरम्यानचे असते. कारागृहाच्या फाटकापासून कारखान्यांच्या फाटकांपर्यंतचे अंतर वाहनाने फार नाही. ते एखाद्या तरुणाने कसे तोडावे, हा प्रस्तुत संग्रहाचा विषय आहे.

या विषयाशी प्रथमच परिचय होणाऱ्या वाचकाने एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी. कोठडीतून बाहेर पडण्याच्या वाटा अनेक आहेत आणि त्यांपैकी एकाच वाटेवर शासनाचा दिवा लावलेला आहे. शिक्षा भोगून सुटणारा, जामिनावर सुटणारा, निर्दोष ठरून सुटणारा आणि बालकांच्या संस्थेतून वय पूर्ण झाले म्हणून सुटणारा, असे चौघे एकाच दिवशी पनवेलच्या एस. टी. स्थानकावर उतरले, तर त्यांच्या गरजांत फारसा भेद आढळणार नाही. त्यांच्या हक्कांत मात्र जमीनअस्मानाचा आढळेल. २०२२ सालच्या अखेरीस देशातील कारागृहांत असलेल्या दर शंभर बंद्यांपैकी सुमारे ७६ कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा न्याय अद्याप व्हायचा होता. पक्क्या कैद्याला कारागृहात सुतारकाम, शिवणकाम, विणकाम यांची सोय असते, थोडी मजुरी मिळते, सुटण्याची तारीख ठाऊक असल्याने निदान कागदावर तरी त्याच्या पुनर्वसनाची तयारी करता येते. कच्च्या कैद्यावर श्रमाची सक्ती नाही, आणि सक्ती नाही म्हणून सोयही सहसा नाही. तो सहा महिने, वर्ष, दोन वर्षे नुसता बसून असतो आणि एके दिवशी, पूर्वसूचनेवाचून, जामिनाचा आदेश पोहोचला म्हणून बाहेर येतो. वाङ्मयात आणि वृत्तपत्रांत ज्याचे पुनर्वसन चर्चिले जाते तो पक्का कैदी. रस्त्यावर ज्याची गाठ पडते तो बहुधा कच्चा. हा संग्रह प्रामुख्याने दुसऱ्याविषयी आहे, आणि याविषयीचे पूर्वीचे मराठी लेखन प्रामुख्याने पहिल्याविषयी होते, एवढे सांगितले म्हणजे या पुस्तकाची आवश्यकता बरीचशी सांगून झाली.

गुन्हा केलेल्या मुलाला धंदा शिकवावा, ही कल्पना आपल्याकडे पावणेदोनशे वर्षे जुनी आहे. १८५० च्या उमेदवारीविषयक कायद्याने दहा ते अठरा वर्षांच्या अनाथ वा किरकोळ गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांना एखाद्या कारागिराच्या हाताखाली बांधून देण्याची तजवीज केली. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक सुधारशाळा निघाली. इंग्लंडात अशाच शाळा काढणाऱ्या मेरी कार्पेंटर १८६६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेल्या. १८७६ आणि १८९७ साली सुधारशाळांचे कायदे झाले. पुढे केंट परगण्यातील बोर्स्टल या खेड्यात १९०२ साली आरंभलेल्या प्रयोगाचे अनुकरण करून मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये बोर्स्टल शाळांचा कायदा केला आणि धारवाडची शाळा त्याखाली चालू लागली. या सर्व संस्थांत सुतारकाम, वेतकाम, विणकाम आणि शिवणकाम हेच धंदे पुनःपुन्हा का आढळतात, याचा विचार मात्र क्वचितच झाला आहे. बाहेरच्या बाजारात त्यांना मागणी होती हे त्याचे पूर्ण कारण नव्हे. एका भिंतीच्या आत, एका निदेशकाच्या नजरेखाली, धारदार हत्यारे मोजून देता-घेता येतील अशा बेताने जे शिकवणे शक्य होते, ते शिकवले गेले. पनवेलच्या बैलगाडीच्या चाकांना घाटावर मागणी होती त्या काळात सुताराची विद्या मुलाला पोटाला पुरली असती. चाक गेले, धाव गेली, तरी सुधारगृहातील रंधा तसाच चालू राहिला. आज संगणकाच्या तीन महिन्यांच्या प्रमाणपत्राने रंध्याची जागा घेतली आहे, पण निवडीचे तत्त्व तेच आहे: शिकवणाऱ्याला जे सोपे, ते शिकणाऱ्याला दिले जाते.

या परंपरेची एक काळी बाजूही आहे आणि तिच्याकडे पाठ फिरवून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींसाठी मुंबई इलाख्यात ज्या वसाहती उघडल्या गेल्या, त्यांतील सोलापूरच्या वसाहतीला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखतात. तारेच्या कुंपणात राहणे, हजेरी देणे आणि गिरणीत कामाला जाणे असा तेथला दिनक्रम होता. काम हे तेथे मुक्तीचे साधन नसून पाळतीचे होते. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, परंतु ‘यांना कामाला जुंपा म्हणजे सुधारतील’ ही वृत्ती कायद्याबरोबर रद्द झाली नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली प्रसिद्ध झाले तेव्हा मराठी वाचकाला हे सारे आतून पाहायला मिळाले. तरुण अपराध्यांना काम देऊ पाहणाऱ्या प्रत्येक योजनेने स्वतःला एक प्रश्न विचारावा असे मला वाटते: हे काम सोडून जाण्याची मोकळीक त्या मुलाला आहे काय? नसेल, तर ती योजना ससूनच्या शाळेपेक्षा सोलापूरच्या कुंपणाला अधिक जवळची आहे.

तुरुंगाविषयी मराठी मनात एक वेगळाच आदर आहे, आणि तो या विषयाच्या आड येतो, हेही येथेच नोंदवतो. टिळक आणि आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. पनवेल तालुक्याला तर कैद्याचे स्मारक परके नाही. शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांवर सरकारने जे आरोप ठेवले त्यांत दरोडे होते, आणि त्यांचा अंत १८८३ मध्ये एडनच्या कैदेत झाला. या थोर बंदिवानांमुळे तुरुंग म्हणजे चिंतनाची जागा असा एक संस्कार आपल्यावर झाला. परंतु ज्या डोंगरीच्या तुरुंगात आगरकरांनी दिवस मोजले, त्याच आवारात पुढे उमरखाडीचे निरीक्षणगृह आले आणि मोबाईल चोरल्याच्या, मारामारीच्या, कोणाच्या तरी सांगण्यावरून पुडी पोहोचवल्याच्या आरोपाखाली आलेली मुले तेथे राहू लागली. त्यांच्या बंदिवासाला वाचक नाही, आणि बाहेर आल्यावर त्यांच्या स्वागताला हारही नाही.

उमरखाडीचे ते निरीक्षणगृह चालवणारी चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ सालची. १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमाची अंमलबजावणी सुरू झाली तेव्हाची. तिच्या मागोमाग जो विचारप्रवाह आला त्याला समाजकार्याचा संप्रदाय म्हणता येईल. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा उघडली, तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. १९३८ मध्ये मुंबई प्रांताने परिविक्षेचा, म्हणजे अपराध्याला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळे ठेवण्याचा, कायदा केला आणि १९५८ मध्ये तो विषय केंद्रीय कायद्यात आला, ज्याच्या सहाव्या कलमान्वये एकवीस वर्षांखालील अपराध्याला, फारच गंभीर गुन्हा नसेल तर, कारावासात धाडण्यापूर्वी न्यायाधीशाला तशी कारणे नमूद करावी लागतात. या संप्रदायाने अपराधाकडून अपराध्याकडे, आणि अपराध्याकडून त्याच्या घराकडे पाहण्याची दृष्टी दिली. १९५४ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाने सुटकेनंतरच्या सेवांचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष डॉ. मा. स. गोरे हे होते. समाजशास्त्रातील एका मराठी पंडिताने या विषयाला राष्ट्रीय पातळीवर प्रथम चौकट दिली, ही गोष्ट आपण विसरलो आहोत. त्या काळापासून जिल्ह्याजिल्ह्यांत परिविक्षा व अनुरक्षण संघटनांची जी जाळी विणली गेली, तिचे धागे आज कोठे जीर्ण, कोठे तुटलेले आहेत. परिविक्षा अधिकारी आहेत, पण एकेकाकडे प्रकरणे इतकी असतात की गृहभेटीचा अहवाल हा घरी न जाताही लिहिता येतो असा शिरस्ता पडून जावा.

याच्या समांतर एक तिसरी, आकाराने लहान पण तेजस्वी परंपरा औंध संस्थानात जन्मली. मॉरिस फ्रिडमन या पोलिश गृहस्थाच्या प्रेरणेने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांना भिंतीशिवाय, शेती करीत, कुटुंबासह राहू देण्याचा प्रयोग सुरू झाला आणि तो आजतागायत कारागृह विभागाची खुली वसाहत म्हणून टिकून आहे. ग. दि. माडगूळकरांच्या लेखणीतून आणि व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनातून १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट झाला तो याच मातीतून. विश्वास टाकल्याने माणूस विश्वासाला पात्र होतो, हे या परंपरेचे प्रमेय. ते खरे आहे. मात्र जन्मठेपेच्या चाळिशीतल्या शेतकऱ्याला ते जसे लागू पडते तसेच कामोठ्याच्या एकोणीस वर्षांच्या पोराला लागू पडेल, असे गृहीत धरणे सोयीचे असले तरी सुरक्षित नाही.

ऐंशीच्या दशकात कायद्याचा आणि हक्कांचा प्रवाह पुढे आला. पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगांत खितपत पडलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८६ मध्ये देशभरासाठी एकच बाल न्याय अधिनियम झाला, त्याच्या जागी आलेल्या २००० च्या अधिनियमाने मुलग्यांसाठीही वयाची मर्यादा सोळावरून अठरावर नेली, आणि २०१५ च्या अधिनियमाने, सोळा ते अठरा वयोगटातील अतिगंभीर गुन्ह्यांपुरते पाऊल मागे घेत, बाकी बाबतींत संरक्षण अधिक स्पष्ट केले. या शेवटच्या अधिनियमात दोन तरतुदी अशा आहेत की त्या पनवेलमधील प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावाव्यात. चोविसाव्या कलमाप्रमाणे, वर सांगितलेला अतिगंभीर गुन्ह्यांचा अपवाद सोडल्यास, बालकाच्या हातून घडलेल्या अपराधामुळे त्याला पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही. आणि चौऱ्याहत्तराव्या कलमाप्रमाणे प्रकरण निकालात निघाले असेल तर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी त्या नोंदीचा उच्चारही करावयाचा नाही. सेहेचाळिसाव्या कलमात अनुरक्षणाची, म्हणजे अठरा वर्षांनंतर संस्था सोडणाऱ्याला आर्थिक व इतर साहाय्य देण्याची सोय आहे. ती एकवीसपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत तेविसापर्यंत नेता येते, आणि ‘मिशन वात्सल्य’ या योजनेखाली त्यासाठी दरमहा ४००० रुपये ठरले आहेत. पनवेलच्या आसपास एका खोलीत वाटेकरी होण्याचे भाडे आणि खानावळ यांची बेरीज ज्याला ठाऊक आहे, त्याला या रकमेवर अधिक भाष्य नको.

पण खरा खड्डा याच्या पलीकडे आहे. सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलासाठी बाल न्याय मंडळ आहे, परिविक्षा अधिकारी आहे, गोपनीयता आहे, अनुरक्षण आहे. अठरा वर्षे एक महिन्याच्या मुलासाठी तळोजा आहे. दोघे एकाच चाळीतले, एकाच दुचाकीवर बसून एकाच गुन्ह्यात सापडलेले असू शकतात. पूर्वी सोळा ते एकवीस या वयासाठी बोर्स्टलची मधली पायरी होती. तिच्यात दोष पुष्कळ होते, पण ते वय वेगळे आहे याची कबुली तरी तीत होती. वयोमर्यादा अठरावर गेली आणि ती पायरी हळूहळू निरुपयोगी ठरून बहुतांशी मोडीत निघाली. तिच्या जागी काही आले नाही.

या खड्ड्यात उतरून काम करणाऱ्यांत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १९९० मध्ये आर्थर रोडच्या कारागृहात त्याचा आरंभ झाला. निकाल लागलेला असो वा नसो, कोठडीतून येणाऱ्या माणसाला भेटायचे, हा त्यांनी घालून दिलेला पायंडा. त्यांची आणखी एक रीत मला विशेष मार्मिक वाटते: सुटलेल्या व्यक्तीला थेट कारखान्यात न धाडता काही काळ एखाद्या स्वयंसेवी संस्थेत विद्यावेतनावर कामाला ठेवायचे, म्हणजे वेळेवर येणे, रजेचा अर्ज देणे, वरिष्ठाने टोकल्यावर उठून न जाणे या गोष्टी अशा ठिकाणी शिकता येतात जिथे एका चुकीने नोकरी जात नाही. कौशल्य शिकवण्याआधी नोकरीत टिकणे शिकवले पाहिजे, हे ओळखणारे लोक अनुभवानेच तेथवर पोहोचतात.

परदेशांतील संशोधनही फिरून फिरून याच ठिकाणी येते. १९७४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मार्टिन्सन यांनी सुधारणेच्या कार्यक्रमांवरील शेकडो अभ्यास चाळून असा निष्कर्ष काढला, किंवा लोकांनी तो तसा वाचला, की काहीच उपयोगी पडत नाही. पाच वर्षांनी त्यांनी स्वतःच त्याला मुरड घातली, पण तोवर अनेक राज्यांनी खर्चाला कात्री लावली होती. २०१३ मध्ये रँड संस्थेने केलेल्या पाहणीत, कारागृहात शिक्षण घेतलेल्यांची पुन्हा आत येण्याची शक्यता न घेतलेल्यांच्या तुलनेत बरीच कमी आढळली. शक्यतेच्या प्रमाणातील ती घट ४३ टक्के होती. हे आकडे आपल्याकडील भाषणांत वारंवार येतात. जो निष्कर्ष येत नाही तो क्रिस्टोफर अगेन यांचा. सत्तरच्या दशकात अमेरिकेत सुटलेल्या कैद्यांना प्रत्यक्ष काम देऊन पाहण्याचा एक मोठा प्रयोग झाला होता. त्याची माहिती पुन्हा तपासून अगेन यांनी २००० साली दाखवले की सत्तावीस वा त्याहून अधिक वयाच्या माणसांना कामामुळे गुन्ह्यापासून दूर राहता आले, त्याहून लहान वयाच्यांवर मात्र नुसत्या कामाचा फारसा परिणाम दिसला नाही. तरुणांसाठी योजना आखणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष पचवला पाहिजे. विशीतल्या मुलाला पगार बांधून ठेवत नाही. त्याला बांधतात ती माणसे, आणि काम हे त्या माणसांपर्यंत नेणारे निमित्त असले तरच ते टिकते.

आता पनवेलकडे वळू. येथे रोजगाराची वाण नाही, ही या विषयाची गंमत आहे. कळंबोलीच्या बाजारात सळ्या उतरवण्याचे, गोदामात खोकी लावण्याचे, बांधकामावर सेंट्रिंगचे काम मुकादमाच्या ओळखीने दुसऱ्या दिवशी मिळते आणि तेथे कोणी पूर्वेतिहास विचारीत नाही. जितके काम बिनभरवशाचे, तितके त्याचे दार उघडे. ज्या नोकरीला भविष्यनिर्वाह निधी आहे, गणवेश आहे, बंदर वा विमानतळाचा प्रवेशपास आहे, तिच्या दारात मात्र पोलीस पडताळणीचा अर्ज उभा असतो. आणि त्या अर्जातील ‘आपणाविरुद्ध कोणताही गुन्हा दाखल आहे काय’ या रकान्यापाशी मुलाचा हात थांबतो. होय लिहावे तर अर्ज बाजूला पडतो. नाही लिहावे तर पुढे केव्हातरी खोटी माहिती दिल्याच्या कारणावरून बडतर्फी. बालवयातील निकालात निघालेल्या प्रकरणाबाबत कायदा त्याच्या बाजूने आहे हे सांगणारे त्या टेबलापाशी कोणी नसते.

रकान्यापर्यंत पोहोचण्याआधीच्या अडचणी आणखी बारीक आहेत, आणि प्रस्तुत संग्रहाचा सर्वांत मोलाचा भाग मला तोच वाटला. अटकेच्या वेळी मोबाईल मुद्देमालात जमा होतो किंवा घरच्यांकडे पडून राहतो. रिचार्ज नसल्याने काही महिन्यांत क्रमांक बंद पडतो आणि कंपनी तो दुसऱ्याला देऊन टाकते. आधार त्या क्रमांकाला जोडलेले, बँकेचे खाते आधारला जोडलेले, आणि शिकाऊ उमेदवाराची नोंदणी दोहोंना जोडलेली. सुटलेल्या मुलाचे पहिले काम म्हणून त्याला वेल्डिंगची कांडी हाती देण्यापूर्वी आधार केंद्राच्या रांगेत सोबत घेऊन उभे राहावे लागते. शाळा सोडल्याचा दाखला कोणत्या गावी राहिला हे कोणाला आठवत नाही. तो मिळाला तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते, आणि दहावी नापासावरही औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील काही व्यवसायांना प्रवेश मिळतो. मग वर्ग सुरू होतो, आणि महिन्याभराने तारीख येते. कोर्टाच्या तारखेला रजा घ्यायची तर कारण सांगावे लागते. कारण सांगायचे तर सगळ्या वर्गाला कळते. म्हणून मुलगा काही न सांगता गैरहजर राहतो, दोन तारखांनंतर त्याचे नाव हजेरीपटावर लाल शाईत येते, आणि निदेशकाच्या मते तो ‘मन लावत नाही’. एका लेखात निदेशकानेच हे लिहिले आहे: ज्या मुलाची जोडाची रेघ वर्गात सर्वांत सरळ यायची, तोच आठवड्यातून एकदा नाहीसा होई, आणि वर्षाखेरीस कळले की तो दर वेळी अलिबागच्या न्यायालयात बाकावर बसून असे. तडीपारीचा हुकूम असेल तर आणखी वेगळी अडचण: रायगड, ठाणे आणि मुंबईच्या हद्दी येथे एकमेकींना इतक्या खेटून आहेत की ज्या मुलाला त्या सोडून जाण्याचे फर्मान आहे, त्याला घर, वर्ग आणि काम ही तिन्ही एकाच फटक्यात सोडावी लागतात.

अशा मुलांसाठी स्वतंत्र वसाहत काढावी, तेथेच त्यांना धंदा शिकवावा आणि तेथेच त्यांचा माल विकावा, अशी सूचना अधूनमधून होते. तिच्यामागे चांगला हेतू असतो आणि पनवेलकरांच्या डोळ्यांपुढे नेऱ्याचे शांतिवन असते, जिथे कुष्ठरोग निवारण समितीने समाजाने टाकलेल्या माणसांना हात आणि मान दोन्ही परत दिले. परंतु तेथे वेगळी वस्ती करणे भाग होते, कारण त्या काळी बाहेर कोणी पाण्याचा पेलाही देत नव्हते. तरुण अपराध्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्यासारख्याच दहा जणांच्या संगतीत त्याला ठेवणे म्हणजे ज्या मंडळींतून त्याला बाहेर काढायचे तीच त्याच्याभोवती पुन्हा जमवणे होय. माझे मत असे आहे की वेगळ्या संस्थेवर खर्च करण्यापेक्षा, पनवेलच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील, कारखान्यांतील, तारा येथील युसुफ मेहेरअली सेंटरसारख्या ग्रामोद्योगाच्या ठिकाणांतील सामान्य जागांपैकी एकेक जागा एकेका मुलाला मिळावी, आणि त्याच्यामागे पगारी, प्रशिक्षित असा एक माणूस निदान दोन वर्षे असावा. हा माणूस त्याचा मास्तर नसेल, अंमलदारही नसेल. आधारच्या रांगेत, वकिलाच्या कचेरीत, मालकाच्या केबिनमध्ये आणि तारखेच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात तो बरोबर असेल. न्यायालय मुलासाठी जामीनदार मागते. नोकरीच्या बाजारातही तो लागतो, फक्त तेथे तसे लिहिलेले नसते.

संपादकांनी लेखकांची निवड याच दृष्टीने केली आहे. परिविक्षा अधिकारी, विधी सेवेतील वकील, प्रशिक्षण संस्थांतील निदेशक, कळंबोलीतील एक मुकादम आणि स्वतः या वाटेने गेलेले काही तरुण, ज्यांची नावे अर्थातच बदलली आहेत, यांनी आपापल्या जागेवरून जे दिसले ते लिहिले आहे. तरुणांची निवेदने संपादकांनी फारशी शुद्ध केली नाहीत याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. एका निवेदनात वाक्य जेथे अर्धवट तुटते तेथेच ते ठेवले आहे. हा यशोगाथांचा संग्रह नव्हे. वर्ग सोडून गेलेल्या, पुन्हा आत गेलेल्या आणि दूरध्वनी न उचलणाऱ्या मुलांचीही हकीगत त्यात आहे, आणि ती वाचताना हे काम करणाऱ्यांच्या धीराची जी कल्पना येते ती सत्काराच्या छायाचित्रांवरून येत नाही. कायद्याची माहिती लेखांतून ओघाने येते. तिची कोष्टके येथे नाहीत. ज्याला फक्त योजनांची यादी हवी असेल त्याने ती शासनाच्या पुस्तिकेत पाहावी.

उणिवा सांगणे हे प्रस्तावनाकाराचे अप्रिय पण विहित कर्तव्य आहे. मुलींविषयी संग्रहात एकच लेख आहे, तोही त्रोटक. सुटलेल्या मुलीचे लग्न लावून दिले म्हणजे पुनर्वसन झाले, ही समजूत आपल्या संस्थांत इतकी मुरलेली आहे की तिच्यावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवे, आणि त्या लेखाच्या लेखिकेनेच ते लिहावे असे मी तिला सुचवले आहे. दुसरी उणीव मालकांच्या बाजूची. कोठडीतून आलेल्या मुलाला कामावर ठेवणारे लहान कारखानदार या परिसरात आहेत. संपादकांनी त्यांना लिहिण्याची विनंती केली तेव्हा तोंडी बोलायला ते राजी झाले, सही करून लिहायला कोणी तयार होईना. एकाने सांगितले की मुलगा चांगला आहे, पण माझ्याकडे असे मुलगे आहेत हे माझ्या गिऱ्हाइकाला कळले तर माझी ऑर्डर जाईल. त्याच्या भीतीला आज उत्तर नाही. दुसऱ्या आवृत्तीत निदान निनावी का होईना, ही बाजू यावी अशी संपादकांची इच्छा आहे आणि त्यासाठी त्यांनी आपला पत्ता मलपृष्ठावर दिला आहे. तळोजा, कळंबोली किंवा खोपोलीच्या कोणा मालकाच्या हाती हे पुस्तक पडले, तर त्याने तेथे लिहावे. मजकूर शुद्ध असण्याची गरज नाही, आणि नाव छापले जाणार नाही.